मदत हवी आहे : बाबांच्या नावावरचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) वारसांना मिळतं का?

बाबा मार्चमध्ये गेले. त्यांच्या मसाल्याच्या दुकानाचं डोमेन त्यांच्याच नावावर आहे, निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. गाळा आईच्या नावावर झाला, पण नोंदणी करणारी कंपनी म्हणते, डोमेन ही मालमत्ता नाही, करार होता, तो बाबांबरोबर संपला. हे मला पटत नाही.

२००४ साली सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं. अमेरिकेत २००३ मध्ये, क्रेमेन विरुद्ध कोहेन प्रकरणात, ते सरळ मालमत्ता ठरलं.

मृत्युपत्र नाही. उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी असतं, मग वारस प्रमाणपत्रात डोमेन लिहून घेता येईल का? कुणी केलंय? डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, कृपया लवकर सांगा.