आकडे कमी आले तर दोष कोणाचा? मॉर्मन मिशनच्या नियमांविषयी

सॉल्टलेकनिवासी

गेली नऊ वर्षे मी युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. माझे बरेचसे सहकारी ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चमध्ये, म्हणजे बाहेरचे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या समाजात, वाढलेले आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी कोवळ्या वयात दोन वर्षे घरापासून दूर राहून धर्मप्रचार केलेला आहे. आपल्याकडे वसतिगृहाच्या दिवसांचा विषय निघावा तसा यांच्यात ‘मिशन’चा विषय निघतो. तो निघाला की काहींचे चेहरे उजळतात, तर काही जण पाण्याचा ग्लास भरण्याच्या निमित्ताने उठून जातात.

ज्यांना या पद्धतीची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मुलांचे मिशन २४ महिन्यांचे आणि मुलींचे १८ महिन्यांचे असते. ऑक्टोबर २०१२ मध्ये चर्चचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ वर आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणले, आणि दोनच वर्षांत प्रचारकांची संख्या सुमारे ५९ हजारांवरून ८५ हजारांवर गेली. कोठे जायचे हे मुख्यालय ठरवते आणि खर्च घरच्यांनी करायचा असतो. अमेरिकेतल्या प्रचारकासाठी तो पूर्वी महिन्याला ४०० डॉलर होता, जुलै २०२० पासून ५०० झाला, मग पाठवणी टोकियोला होवो की शेजारच्या राज्यात. पाळण्यातले नाव बाजूला पडते आणि काळ्या पट्टीवर ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ आणि पुढे आडनाव एवढेच उरते. माझ्या सहकाऱ्यांच्या काळात सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा, कादंबऱ्या, चित्रपट, पोहणे, प्रेमप्रकरण हे सर्व वर्ज्य, आणि ‘कंपॅनियन’ म्हणजे जोडीदार हा स्नानगृह सोडून सर्वत्र नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात असलाच पाहिजे, असा दंडक होता. घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. म्हणजे दोन वर्षांत चार फोन.

यातले कष्ट मला खुपत नाहीत. मला खुपते ते वेगळे आहे आणि ते एका सहकाऱ्याच्या अनुभवावरून सांगतो. विसाव्या वर्षी तो दक्षिण अमेरिकेतील एका गावी होता. नियमांची पांढरी पुस्तिका सदऱ्याच्या खिशात मावेल एवढीच असे आणि ती त्याच्या खिशात घामाने पिवळी पडली होती. दर रविवारी रात्री वरिष्ठ प्रचारकाला फोनवरून आठवड्याचे आकडे द्यावे लागत: किती जणांना शिकवले, किती जण प्रार्थनासभेला आले, किती बाप्तिस्मे ठरले. एका कुटुंबाला त्याने आणि त्याच्या जोडीदाराने तीन महिने शिकवले होते. ठरलेल्या शनिवारी त्यांनी सकाळपासून बादल्यांनी पाणी आणून बाप्तिस्म्याचा हौद भरला, पांढरे कपडे इस्त्री करून ठेवले आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. कोणीही आले नाही. त्या रात्री फोनवर वरिष्ठाने त्यांना एकच प्रश्न विचारला: “या आठवड्यात तुम्ही दोघे रोज किती वाजता उठलात?”

बुक ऑफ मॉर्मन या चर्चच्या धर्मग्रंथातील आल्मा या भागाच्या ५७ व्या अध्यायात दोन हजारांहून अधिक तरुण योद्ध्यांची कथा आहे. त्यांनी प्रत्येक आज्ञा काटेकोर पाळली आणि सगळे जखमी झाले तरी त्यांतला एकही मेला नाही, असे ती कथा सांगते. ही कथा मिशनमध्ये वारंवार ऐकवली जाते, आणि तिचा व्यवहारातला अर्थ असा लावला जातो की आज्ञापालन पुरते असेल तर फळ मिळेलच. मग फळ मिळाले नाही तर पालनात खोट आहे, हा उलटा निष्कर्ष वीस वर्षांचे पोर स्वतःच काढते. दुसऱ्या माणसाच्या निर्णयाचे ओझे आपल्या झोपेच्या वेळेवर टाकायला शिकवणे मला अन्यायाचे वाटते. आपले मत काय आहे?

निवृत्त फौजी

आपल्या सहकाऱ्याविषयी सहानुभूती आहे, परंतु आपण एका उथळ वरिष्ठाचा दोष संपूर्ण व्यवस्थेच्या माथी मारत आहात असे मला वाटते. मी खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षे काढली. तेथेही पलंगाची चादर ताणलेली नसेल तर शिक्षा होई आणि चादरीचा युद्धाशी काय संबंध, असे आम्हीही विचारत असू. अठरा वर्षांच्या मुलाला परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या जबाबदारीवर राहायचे असेल तर त्याच्याभोवती आखलेली चाकोरी लागतेच.

जोडीदाराच्या नियमाला आपण नुसता ‘दंडक’ म्हणालात. मे १९८९ मध्ये बोलिव्हियात ला पाझ येथे दोन तरुण अमेरिकन प्रचारकांना दहशतवाद्यांनी त्यांच्या निवासाच्या दारात गोळ्या घातल्या. अशा जगात मुलांना, आणि त्याहूनही मुलींना, एकटे फिरू न देणारा नियम मला एक वडील म्हणून योग्यच वाटतो. शिवाय ही सज्ञान माणसे आहेत, सही करून गेलेली आहेत.

सॉल्टलेकनिवासी

फौजीसाहेब, जोडीदाराच्या नियमामागे सुरक्षा आहे हे मला मान्य आहे. तुलना मात्र मला पटत नाही. चादर ताणलेली नव्हती म्हणून शिक्षा झाली तरी, चादरीमुळे आपली तुकडी हरली असे प्रबोधिनीत आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

सही करून गेलेली माणसे म्हणता, तर ती सही कोणत्या हवेत होते तेही पाहावे. १९७४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येक तरुणाने मिशनला गेले पाहिजे असे स्पष्ट सांगितले आणि मुलांसाठी ते आजही कर्तव्य मानले जाते. येथील मुले तीन-चार वर्षांची असल्यापासून ‘मी मिशनला जाणार’ अशी गाणी म्हणतात, तिच्यासाठी गल्ल्यात नाणी टाकतात. जो जात नाही त्याच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा ती गोष्ट निघते.

माजी सिस्टर

या धाग्यावर बहुधा मी एकटीच असे लिहू शकेन की मी स्वतः मिशन केले आहे. आमचे घर मराठी, वास्तव्य हैदराबादला. भारतातील पहिला स्टेक, म्हणजे अनेक मंडळ्यांचा मिळून झालेला विभाग, २०१२ साली हैदराबादलाच स्थापन झाला आणि माझे आईवडील त्या दिवशी सभागृहात होते. मी १८ महिने दक्षिण भारतातच सेवा केली. आधी एक विनंती करते: २०१८ मध्ये आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव टाळून चर्चचे पूर्ण नाव वापरावे असे आवाहन केले. आपण पूर्ण नाव दिलेत याबद्दल आभार. शीर्षकातही ते असते तर बरे वाटले असते.

आपल्या सहकाऱ्याला विचारलेला प्रश्न मला कोणी विचारला नाही. आमचे मिशन प्रमुख आकडे घेत, पण आकड्यानंतर माणसांची नावे विचारत आणि पुढच्या भेटीत त्यांना ती आठवत. आम्ही दारोदार फिरत नव्हतो. सदस्यांनी ओळख करून दिलेल्या लोकांकडेच जायचो. माझी दुसरी जोडीदार ईशान्येकडची होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती, आणि सुरुवातीला तिच्या प्रत्येक सवयीचा मला राग येई. एकदा मला टायफॉइड झाला, तेव्हा तिने चार रात्री जागून काढल्या आणि पाचव्या दिवशी मला न सांगता माझे कपडे धुऊन वाळत घातले. जोडीदार निवडता येत नाही, खोली सोडून जाता येत नाही, म्हणूनच मी तिला ओळखायला शिकले. आज माझ्या लग्नात जे काही समंजसपण आहे ते मी तेथे कमावलेले आहे.

घरची आठवण येऊन कामात लक्ष लागेनासे झाले की आम्ही त्याला ‘ट्रंकी’ होणे म्हणतो, म्हणजे मनाने पेटी भरून तयार बसणे. आठवड्याला एकच ई-मेल असण्याचा मला त्रास झाला हे खरे. पण त्याच त्रासामुळे मी प्रार्थना करायला शिकले. तो अनुभव मला कोणी परत घ्यायला सांगितला तर मी देणार नाही.

जुन्या पुण्याचा वाचक

चर्चेला थोडा इतिहास जोडतो, कारण तो आपल्या गावाला शिवून गेलेला आहे. या चर्चचा ह्यू फिंडले नावाचा एक प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत आला आणि तेथून पुण्याला आला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत प्रचार करू दिला नाही. तरीही त्याने येथे एक लहानशी मंडळी उभी केली आणि बराच काळ एकट्याने काम करून तो १८५५ मध्ये परतला. पुण्यात त्याला फारसे कोणी मिळाले नाही, पण त्यामुळे त्याच्या सकाळच्या उठण्यावर कोणी बोट ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

याउलट आकड्यांचा ध्यास व्यवस्थेतच शिरला की काय होते हे १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये दिसले. तेथे मुलांना बेसबॉलच्या संघात घेऊन त्यांचे बाप्तिस्मे करण्यात आले. त्यांतील अनेकांना आपण कोणत्या चर्चचे सदस्य झालो याचाही पत्ता नव्हता आणि पुढे हजारो नावे यादीतून काढावी लागली. चर्चच्या इतिहासात तो प्रकार ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ याच नावाने ओळखला जातो. तेव्हा फौजीसाहेब म्हणतात तसा तो एका उथळ वरिष्ठाचा प्रश्न नाही. ताई, आपले प्रमुख चांगले होते हे आपले भाग्य आहे. पण ज्या व्यवस्थेत मुलाचे मनःस्वास्थ्य प्रमुखाच्या स्वभावावर अवलंबून राहते, ती व्यवस्था दुरुस्त करायला हवी की नको?

माजी सिस्टर

हवी, आणि ती होत आहे. १५ फेब्रुवारी २०१९ पासून प्रचारकांना दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्याआधी दोन महिने मुलींना पँट घालण्याची परवानगी मिळाली. वेळापत्रकही २०१७ पासून बरेच लवचीक आहे. ज्यांना प्रकृतीमुळे प्रचाराला जाता येत नाही, त्यांच्यासाठी घरी राहून सेवा करण्याचा मार्ग आहे. बदल होत नाही म्हणून टीका करायची आणि झाला की ‘म्हणजे आधी चूकच होती’ म्हणायचे, हे मला योग्य वाटत नाही.

ॲरिझोनातील समुपदेशक

मी मेसा येथे काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत मुदतीआधी मिशनवरून परतलेली तरुण मुले असतात, म्हणून फक्त त्यांच्याविषयी लिहिते. पूर्ण मुदत संपवून परतलेल्याला घेण्यासाठी विमानतळावर फलक आणि फुगे घेऊन पन्नास माणसे येतात. सातव्या महिन्यात नैराश्यामुळे परतलेल्याला वडील एकटेच घ्यायला येतात आणि गाडीत कोणी बोलत नाही. त्याच रात्री स्टेकचे अध्यक्ष त्याला सेवेतून मुक्त करतात आणि छातीवरची पट्टी काढायला सांगतात. एक मुलगा मला म्हणाला की त्याला पट्टीचा लोहचुंबक सोडवता येईना, कारण हात थरथरत होते.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे हजारो प्रचारक एकदम परत आले. त्यांतील जे पुन्हा गेले नाहीत, त्यांच्यापैकी माझ्याकडे आलेल्यांत मला ही शरम जवळजवळ दिसली नाही. लवकर परतणे तेच होते. पण कारण सर्वांना दिसत होते आणि ते कोणाच्या आज्ञापालनात नव्हते. सॉल्टलेकनिवासी यांचा मुद्दा मला यामुळे पटतो. ताई, बदललेल्या नियमांचे मी स्वागतच करते, परंतु फोनचा नियम बदलणे सोपे आहे. ‘तू पुरेसा आज्ञाधारक नव्हतास’ हे वाक्य कोणत्याच पुस्तिकेत नव्हते, त्यामुळे ते कोणत्या पत्रकाने रद्द करायचे?

निवृत्त फौजी

समुपदेशकताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. प्रबोधिनीतून मध्येच घरी गेलेली दोन मुले मला आठवली आणि त्यांची नंतर आम्ही कधी चौकशीही केली नाही, हेही आठवले. शिस्तीविषयीचे माझे मत तेच आहे. पण हरलेल्या माणसाला परत कसे घ्यायचे हा शिस्तीचाच भाग असायला हवा, हे मी आपल्या बाजूने मान्य करतो.

माजी सिस्टर

मीही एवढे मान्य करते की ते वाक्य मी ऐकलेले आहे. मला नाही, माझ्या पहिल्या जोडीदाराला कोणीतरी म्हटले होते आणि मी तेव्हा गप्प बसले. सॉल्टलेकनिवासी, एक विचारू का? ते कुटुंब त्या शनिवारी का आले नाही, हे आपल्या सहकाऱ्याला पुढे कधी कळले का?

सॉल्टलेकनिवासी

ताई, आपला प्रश्न वाचून आज दुपारी त्याला विचारले. कळले, पण चौदा वर्षांनी. त्या सोमवारीच त्याची दुसऱ्या गावी बदली झाली होती. पुढे फेसबुकवर त्या घरातल्या धाकट्या मुलाने त्याला शोधून काढले. शुक्रवारी रात्री मोठ्या मुलीला दिवसांआधीच कळा सुरू झाल्या, म्हणून सगळे घर मिळेल त्या गाडीने तिच्या सासरी गेले होते. घरी फोन नव्हता, त्यामुळे निरोप देता आला नाही. चार दिवसांनी ते परत आले तेव्हा चर्चमध्ये दुसरेच दोन एल्डर होते आणि त्यांना या कुटुंबाविषयी कोणी काही सांगितलेले नव्हते. बाळ सुखरूप होते. ते आता कॉलेजात आहे.

हे सर्व त्याने अगदी शांतपणे सांगितले. मग मी काही न विचारताच तो म्हणाला, “त्या बुधवारी मात्र आम्ही पावणेसातला उठलो होतो.”