ट्रॅव्हल सॉफ्टबॉल: तुमच्या लेकी टीममध्ये कशा आल्या?

पहाटवारा
ऑगस्ट आला की आमच्या डॅलसकडे ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या, म्हणजे मुली निवडून गावोगावच्या स्पर्धांना नेणाऱ्या टीमच्या, ट्रायआउटच्या (निवड चाचणीच्या) पाट्या लागतात. काल शेजारची चिमुरडी बॅटची बॅग पाठीला लावून गाडीत बसताना दिसली आणि आमचं ते वर्ष आठवलं. रेक लीगमध्ये (गावातल्या हौशी लीगमध्ये) नाव घातलं की खेळायला मिळतं. इथे पाठीवर नंबर चिकटवला, स्टॉपवॉच लावून बेसवर पळवलं, मग ग्राउंडर (सरपटते चेंडू), पॉप-फ्लाय (उंच उडालेले झेल), शेवटी थोडी बॅटिंग. कोच वहीत लिहीत होते, बोलत कुणीच नव्हतं. उन्हानं माझाच जीव जात होता. लेक बाहेर येऊन म्हणाली, "आई, इथे सगळ्यांनाच येतं गं!" एवढी खूश मी तिला शाळेतसुद्धा पाहिली नव्हती. रात्री फोन आला, उद्यापर्यंत कळवा म्हणाले. फी ऐकून आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो, पण तिचा चेहरा बघून हो म्हटलं. तुमचंही लिहा. मुलगी बेंचवर बसली तेव्हा घरी काय बोललात, ते तर नक्की लिहा.

डावखुरी
आमची पिचर. १०यूला (दहा वर्षांपर्यंतच्या गटाला) ३५ फुटांवरून ११ इंच घेराचा चेंडू. १२यूला एकदम ४० फूट आणि चेंडू १२ इंची. पुढे ४३ फूट. आदल्या वर्षी सगळ्यांना चकवणारा चेंडू आता प्लेटच्या आधीच टप्पा खायचा. रडली खूप. हिवाळाभर नवरा गराजमध्ये उलट्या बादलीवर बसून तिचे चेंडू झेलत होता. त्याच्या नडगीवरचे वण अजून आहेत 😄

मिसळप्रेमी
बादलीवाल्या बाबांना दंडवत _/\_

तापीकाठ
मी जळगावकडची. आमची ट्रॅव्हल टीम म्हणजे जिल्हा, मग विभाग, मग राज्य. शाळेचे ग्लोव्ह मोजके, इनिंग संपली की काढून समोरच्या टीमच्या हातात द्यायचे. रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यात दाराशी बसून गेलोय. घरून परवानगी मिळायची ती दहावीच्या क्रीडा गुणांमुळे, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणून. पण मी खेळले ते स्लाइड मारून सेफ झाल्यावर जे वाटायचं त्यासाठी. २०२३ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या मुली सॉफ्टबॉल खेळल्या तेव्हा रडू आवरेना.

पहाटवारा
तापीकाठ ताई, यावर वेगळं सविस्तर लिहा ना, प्लीज!

कोकणकडा
बेंचबद्दल. आमच्या टीमचा नियम आहे की खेळायला किती मिळतं हे पालकांनी विचारायचं नाही, मुलीनं स्वतः विचारायचं. बारा वर्षांची पोर! दोन दिवस घरात आरशासमोर वाक्य म्हणत होती. मग गेली आणि विचारलं, "मी काय सुधारू?" कोच म्हणाले, तू पळतेस छान, डावीकडून स्लॅप शिक. त्या बाजूनं पहिला बेस जवळ पडतो, आणि पळत पळतच चेंडूला बॅट लावायची. आता बॅटिंगच्या क्रमात पहिली असते. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की ती आता शिक्षकांना, डॉक्टरांना, कुणालाही स्वतःचं स्वतः विचारते.

तिखटमीठ
शनिवारी पूल (गटातले सामने), रविवारी ब्रॅकेट (हरलं की बाहेर). मराठी शाळा रविवारीच. काय करता तुम्ही लोक?? हरलो तर शाळा मिळते

डावखुरी
आम्ही गाडीत बाराखडी घेतो. तीन तासांचा रस्ता असतो, वेळच वेळ.

सायली_नव्हे_जाई
भारतातून आलेल्या सासूबाई आमच्या टीमच्या स्कोअरर झाल्यात! तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असला (किंवा दोन आउट असले) तर बॅटर पळू शकते, हे त्यांना माझ्याआधी कळलं. "पळ गं बाई पळ" एवढ्या जोरात ओरडतात की अमेरिकन आयासुद्धा "पळ पळ" करतात. डगआउटमध्ये (टीम बसते तिथे) थालीपीठ जातं ते वेगळंच.

मिसळप्रेमी
थालीपीठ गार झालं की चिवट होत नाही का?

सायली_नव्हे_जाई
भाजणीत थोडं गरम तेलाचं मोहन, आणि पीठ कोमट पाण्यात. संध्याकाळपर्यंत मऊ.

गारवा
१२यूच्या मुलीला कॉलेजसाठी व्हिडिओ बनवा म्हणून कुणी मागे लागलं तर थांबा. एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था) चा नियम आहे, अकरावीच्या १ सप्टेंबरआधी डिव्हिजन १च्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजचे कोच मुलीशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. २०१८पासून. तोवर तिला खेळू द्या, खांदा सांभाळा, झोप सांभाळा. माझ्या भाचीचा खांदा चौदाव्या वर्षी गेला. दर वीकेंडला तीच पिचर. अजून वाईट वाटतं.

पहाटवारा
गारवा, आता कशी आहे ती?

गारवा
बरी आहे. पहिल्या बेसवर खेळते. पिचिंग बंद.

कोकणकडा
🙏 धीराची आहे पोर

तिखटमीठ
आमचीची ट्रायआउट शनिवारी आहे. ग्लोव्ह नवा घ्यायचा की जुनाच?

तापीकाठ
जुनाच न्या! नवा कडक असतो, चेंडू आत बसत नाही. नवा घेऊन ठेवा, रोज झेलाझेली करून मऊ होऊ दे. आणि पाणी भरपूर द्या. शनिवारी काय झालं ते कळवा.