अनाथ भावंडे, भावी पालक आणि विनोद: दोन अंकी नाटकासाठी मत हवे आहे

तिसरी_घंटा

नमस्कार. मी एक दोन अंकी कौटुंबिक विनोदी नाटक लिहीत असून त्याचा पहिला अंक पूर्ण झाला आहे. बारा वर्षांची ताई, नऊ वर्षांचा मधला भाऊ आणि पाच वर्षांची धाकटी अशी आईवडिलांचे छत्र हरपलेली तीन भावंडे एका संस्थेत राहतात. दत्तक घेण्याच्या इच्छेने येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला पळवून लावण्यात ती तरबेज झाली आहेत, कारण आपल्यापैकी एकालाच कोणी घेऊन जाईल अशी त्यांना धास्ती आहे. मग एक मध्यमवयीन, काहीसे वेंधळे जोडपे येते आणि काही केल्या हटत नाही, एवढेच कथाबीज आहे.

परिचितांसमोर पहिल्या अंकाचे वाचन केले तेव्हा हशा भरपूर मिळाला. परंतु वाचन संपल्यावर एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मंडळी नेमकी कोणाला हसली?" घरी येऊन संहिता पुन्हा तपासली, तेव्हा बहुतेक हशे मुलांच्या अज्ञानावर, त्यांच्या मापात न बसणाऱ्या कपड्यांवर आणि त्यांच्या आशाळभूतपणावर बेतलेले आहेत, हे माझ्या लक्षात आले आणि मी चांगलाच वरमलो.

दुसऱ्या अंकाची अडचण याच्या उलट आहे. भावंडांची ताटातूट होणार, असे सावट आणले की विनोद जागच्या जागी विझतो. ते काढून टाकले तर नाटकाला कणाच उरत नाही. या विषयावर ज्यांनी लिहिले आहे, काम केले आहे किंवा जे स्वतः या अनुभवातून गेले आहेत, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

---

विंगेतला

आपल्या दिग्दर्शकांनी दुखऱ्या जागेवर अचूक बोट ठेवले आहे. मात्र या विषयावर विनोद होऊच नये, असे कोणी म्हणाले तर ते मानू नका, कारण सापडलेले मूल हा विनोदी नाटकाचा फार जुना आणि लाडका विषय आहे. इसवीसनपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक नाटककार मिनँडर याच्या एका नाटकात एका मेंढपाळाला टाकून दिलेले बाळ सापडते. तो ते एका कोळसेवाल्याला देऊन टाकतो, पण बाळासोबत मिळालेले दागिने स्वतःकडे ठेवतो. त्यावरून दोघांचे भांडण जुंपते आणि निवाड्यासाठी ज्या वाटसरूला मध्यस्थ नेमतात, तो त्या बाळाचा सख्खा आजोबा असतो, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. ऑस्कर वाइल्डच्या 1895 सालच्या सुप्रसिद्ध प्रहसनातला नायक तर रेल्वे स्थानकावरच्या सामानघरात एका पिशवीत सापडलेला असतो. शहरात मौजमजा करायला सबब हवी म्हणून त्याने एक काल्पनिक भाऊ निर्माण केलेला असतो आणि शेवटी त्याला खरोखरच भाऊ असल्याचे निघते.

या दोन्ही नाटकांत रक्ताचे नाते योगायोगाने उघड होते आणि गाठ सुटते. कोणी कोणाला निवडावे लागत नाही. आपल्या नाटकात मात्र पाच माणसांना एकमेकांची निवड करायची आहे आणि निवड म्हटली की परीक्षा आलीच. सध्या आपण मुलांना परीक्षेला बसवले आहे, म्हणून प्रेक्षक त्यांना हसतात. परीक्षार्थी म्हणून त्या जोडप्याला बसवा. मूल मिळावे म्हणून जिवाचे रान करणारा मोठा माणूस हा विनोदाचा अक्षय झरा आहे, कारण आपली प्रतिष्ठा गेली तरी चालेल, अशी त्याने मनाची पूर्ण तयारी केलेली असते.

---

दोघांची_आई

मी नाटकातली जाणकार नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ यांना एकत्र दत्तक घेतले, म्हणून लिहिते आहे.

मुले पालकांना पळवून लावण्यासाठी खोड्या काढतात, हा प्रकार रंगमंचावर शोभत असेल, पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. पहिले दोन महिने आमची मुले इतकी शहाण्यासारखी वागत होती की आम्हीच घाबरून गेलो. पांघरुणाच्या घड्या आमच्या आधी घातलेल्या असत. खेळणे हातात घेण्यापूर्वी परवानगी मागितली जाई आणि खेळून झाल्यावर ते खोक्यात जसे होते तसे परत ठेवले जाई. या काळाला समुपदेशक गमतीने मधुचंद्र म्हणतात, हे मला नंतर कळले. मुले पाहुण्यासारखी वागत होती, कारण पाहुण्याला परत जावे लागते हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुलाची पाठपिशवी पाच महिने दाराजवळ भरून ठेवलेली होती आणि ती उचलून कपाटात ठेवण्याचे धाडस आम्हा दोघांपैकी कोणालाही होत नव्हते. माझे यजमान रोज सकाळी तिला अडखळत आणि तिचीच माफी मागून पुढे जात.

विनोद हवा असेल तर न्हाणीघरापासून सुरुवात करा. धाकट्याला अंघोळ घालणे हे तोवर ताईचे काम होते. पहिल्या दिवशी मी ते माझ्याकडे घेतले, तेव्हा ती काहीच बोलली नाही. फक्त बंद दाराबाहेर पाठ टेकून उभी राहिली आणि आतल्या पाण्याच्या आवाजावरून माझी चूक ओळखून सूचना देऊ लागली. "आधी डावा पाय. नाही, डोक्यावर एकदम नको. कानात पाणी गेले की तो दिवसभर डोके हलवत बसतो." दोन पदव्या आणि पंधरा वर्षांची नोकरी पाठीशी असलेली मी त्या दारामागे ओल्या कपड्यांत "बरे, बरे" म्हणत होते. तो मात्र अत्यंत शांतपणे, जणू नवीन माणूस कामावर ठेवला आहे अशा नजरेने, माझ्याकडे पाहत बसला होता.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या भाषेतच घडू शकते. मुले आम्हाला हाक कशी मारायची, हे ठरवत नव्हती. आई म्हणायचे तर ते फार झाले, काकू म्हणायचे तर ते कमी पडले, म्हणून तीन महिने त्यांनी आम्हाला कोणत्याही नावाने हाकच मारली नाही. मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राही, घसा खाकरी आणि मी वर पाहिले की बोलू लागे. बोलतानाही "तुम्ही" असेच. एकदा तिला न विचारता मी तिचा तुटलेला कंगवा फेकून दिला. तिने घर डोक्यावर घेतले, दार आपटले आणि ओरडली, "तू मला विचारले का नाहीस?" मी स्वयंपाकघरात धावत जाऊन यजमानांना सांगितले की ती मला "तू" म्हणाली. ते म्हणाले, "अगं, ती रडते आहे." मी म्हणाले, "हो, पण तू म्हणाली!" त्यांनी क्षणभर विचार केला आणि अगदी गंभीरपणे विचारले, "माझी कोणती वस्तू फेकू म्हणजे मलाही म्हणेल?"

त्या दोन महिन्यांच्या शहाणपणापेक्षा ते आपटलेले दार आम्हाला अधिक मोलाचे वाटले. कंगवा मात्र कचऱ्यातून शोधून, धुऊन परत द्यावा लागला.

---

तिसरी_घंटा

दोघांची आई, आपण जे लिहिले ते वाचून माझा पहिला अंक बाद झाला आहे, आणि हे मी आनंदाने लिहीत आहे. "तुम्ही" पासून "तू" पर्यंतचा प्रवास हाच दुसऱ्या अंकाचा कणा होऊ शकतो, असे वाटते. मात्र संस्थेतील प्रक्रिया मी ऐकीव माहितीवर रंगवली आहे. मुलांना रांगेत उभे करून पाहुणे पसंती सांगतात, असा प्रवेश मी लिहिला होता. तो कितपत योग्य आहे?

---

अहवाल_लेखिका

तो प्रवेश कृपया काढून टाका. मी या क्षेत्रात समाजकार्यकर्ती म्हणून काम करते आणि हा रांगेचा प्रसंग अजूनही लोकांच्या डोक्यातून जात नाही, याचा मला मनापासून वैताग आहे. रीतसर दत्तकविधानात आधी इच्छुक जोडप्याचीच चौकशी होते. त्यांच्या घरी भेट देऊन अहवाल तयार केला जातो आणि त्यात त्यांचे आरोग्य, उत्पन्न, परस्परसंबंध, आधाराला कोण आहे आणि मूल का हवे आहे, हे सारे विचारले जाते. एका देशातील मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्यासंबंधीच्या 1993 च्या हेग करारातही भावी पालक पात्र आणि योग्य असल्याची खात्री करून घेणे, त्यांचे समुपदेशन करणे आणि मुलाचे वय व समज लक्षात घेऊन त्याची इच्छा विचारात घेणे आवश्यक मानले आहे. आपल्यावर परिणाम करणाऱ्या बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क तर 1989 च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमातच आहे. म्हणजे विंगेतला यांनी सुचवलेली उलथापालथ ही नाट्यमय युक्ती नसून जवळपास वस्तुस्थितीच आहे.

विनोदाच्या दृष्टीने गृहभेट हा प्रसंग आपण अजिबात वाया घालवू नये. मी घरी जाते तेव्हा लोकांनी घर इतके आवरलेले असते की तिथे कोणी राहते की नाही, अशी शंका यावी. एका घरी यजमानांनी प्रत्येक फडताळाचा कोपरा मऊ कापडाने गुंडाळून ठेवला होता आणि चहाचा कप ठेवायला एकही सपाट जागा उरली नव्हती. "आपले भांडण झाले तर आपण काय करता?" या नेहमीच्या प्रश्नावर पतीने "आमचे भांडण होतच नाही" असे सांगितले आणि पत्नीने "होते" असे म्हटले, त्यानंतर पुढची दहा मिनिटे मला काही विचारावेच लागले नाही. तो अहवाल मी अनुकूल लिहिला. ज्यांना भांडून पुन्हा बोलायला सुरुवात करता येते, त्यांच्याविषयी मला कमी चिंता वाटते.

ताटातुटीच्या सावटाबद्दल सांगायचे तर, परस्परांशी जिव्हाळा असलेल्या भावंडांना पर्यायी संगोपनात तत्त्वतः वेगळे करू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. अत्याचाराचा स्पष्ट धोका किंवा मुलाच्या हिताचे दुसरे कारण असेल तरच अपवाद करावा आणि तेव्हाही संपर्क टिकवण्याचा शक्य तो सर्व प्रयत्न करावा, असे त्यात आहे. म्हणून आपल्या नाटकातली अधिकारी बाई मुलांना उगीच वेगळी करू पाहणारी खलनायिका असेल, तर मी तरी प्रेक्षागृहातून उठून जाईन. प्रत्यक्षातली अडचण फार साधी असते. तीन मुले एकदम घेण्याची तयारी असलेले घर सहजासहजी मिळत नाही आणि वाट पाहता पाहता मुले मोठी होत जातात.

ताईच्या पात्राकडेही लक्ष द्या. लहान भावंडांचे पालकत्व अंगावर घेतलेली मुले नव्या घरात सर्वांत उशिरा रुळतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते आपले पद सोडणे असते. दोघांची आई यांच्या दाराबाहेरच्या मुलीला आपले काम रीतसर हस्तांतरित करायचे होते, असे मला वाचताना वाटले.

---

नेपथ्यकार

एक छोटी असहमती नोंदवतो. खलनायिका काढा, रांग काढा, खोड्याही काढा असे करत गेलो तर हे नाटक माहितीपट होऊन बसेल. मुलांच्या खोड्या ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त त्या पहिल्या अंकातून उचलून दुसऱ्या अंकात न्याव्यात. आधी आदर्श मुले आणि धास्तावलेले पालक, मग विश्वास बसल्यावर एकेक करत सुटलेली मुले आणि प्रत्येक मोडतोडीवर गुपचूप खूश होणारे पालक, असा क्रम ठेवला तर गोंधळ वाढत जाईल आणि त्यासोबत हशाही. भरलेली पाठपिशवी मात्र पहिल्या प्रवेशापासून दाराजवळ दिसू द्या आणि तिच्याविषयी कोणाच्याही तोंडी एकही वाक्य घालू नका.

---

तिसरी_घंटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रांगेचा प्रवेश आणि खलनायिका दोन्ही काढून टाकल्या आहेत. आता पहिला अंक त्या जोडप्याच्या घरात, गृहभेटीच्या सकाळी सुरू होतो आणि पती चहाचा कप कोठे ठेवावा, या विवंचनेत पूर्ण प्रवेशभर तो हातात धरून हिंडतो. ताईने धाकट्या दोघांची सविस्तर सूचनावही तयार केली आहे. ती वही पालकांच्या स्वाधीन करताना ती प्रत्येक पानावर त्यांची सही घेते, आणि शेवटच्या पानावर तिच्या स्वतःविषयी काहीच लिहिलेले नसते, असा पहिल्या अंकाचा पडदा ठरवला आहे. दुसऱ्या अंकात खोड्या, कंगवा आणि "तू".

दोघांची आई, कंगव्याचा आणि बंद दाराचा प्रसंग वापरण्यास आपली परवानगी असेल का? आपल्या कुटुंबाची ओळख कोठेही उघड होणार नाही, याची मी पूर्ण काळजी घेईन.

---

दोघांची_आई

हा निर्णय माझ्या एकटीचा नसल्याने मी हे सर्व मुलीला वाचायला दिले. ती आता पंधरा वर्षांची आहे. कंगव्याला तिची हरकत नाही. दाराच्या प्रसंगाला मात्र तिने एक दुरुस्ती सुचवली असून ती केली तरच परवानगी आहे, असे कळवायला सांगितले आहे. आधी उजवा पाय, डावा नव्हे. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तेव्हाही नीट ऐकले नव्हते.