चोरून कॉल ऐकायचं यंत्र म्हणजे कायद्यात नक्की काय? दुकानात ठेवलं तर गुन्हा?

सोल्डरवाला_नाशिक
मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, पेन रेकॉर्डर, छोटे कॅमेरे पण ठेवतो. एक गिऱ्हाईक मागे लागलंय की बायकोच्या फोनमधे असं ॲप टाकून द्या की तिचे कॉल मला ऐकू येतील, मी सरळ नाही म्हणालो, पण आता डोक्यात तेच चालूये की अशा यंत्राची कायद्यात काही व्याख्या आहे का आणि माझ्या काउंटरमधला पेन त्यात बसतो का?

कोर्टकचेरी
नाही म्हणालात ते फार बरं केलंत दादा. आयटी कायद्याखाली २००९ चे इंटरसेप्शनचे (दुसऱ्याची माहिती मधेच पकडण्याचे) नियम आहेत त्यात व्याख्या आहे, आणि ती इतकी ऐसपैस की माहिती मधेच पकडायला जे वापरतात किंवा वापरता येईल असं कुठलंही उपकरण त्यात येतं, शब्दाला धरून बसलं तर लॅपटॉप पण आला. पण ते नियम सरकारी यंत्रणांसाठी आहेत, नुसती वस्तू जवळ ठेवली म्हणून त्यात शिक्षा नाही. शिक्षा कृत्याला. २०२३ च्या टेलिकॉम कायद्याचं कलम ४२ बघा, बेकायदा इंटरसेप्शनला ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दुसऱ्याच्या फोनमधे शिरायला मदत करणारा आयटी कायद्याच्या ४३ मधे येतो, म्हणजे ॲप टाकून देणारे तुम्हीच!

जर्सीकर
इकडे अमेरिकेत वस्तूच बघतात. १९६८ च्या वायरटॅप (चोरून फोन ऐकण्याच्या) कायद्यात जी वस्तू मुळात चोरून ऐकायलाच उपयोगी अशा बनावटीची आहे ती बनवणं, विकणं, जवळ ठेवणं हाच गुन्हा, ५ वर्षांपर्यंत. कानाचं मशीन वगळलंय, पण कमी ऐकू येणाऱ्याला नॉर्मलइतकंच ऐकवणारं, त्याहून जास्त नाही, इतकं बारीक लिहिलंय. २०१४ मधे स्टेल्थजिनी नावाचं चोरून कॉल ऐकवणारं ॲप विकणाऱ्याला ५ लाख डॉलर दंड झाला.

सोल्डरवाला_नाशिक
बापरे. मग आपलाच कॉल आपण रेकॉर्ड केला तर?

कोर्टकचेरी
त्यावर मुंबईचीच केस आहे, मलकानी, १९७२ चा निकाल. हा मलकानी कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, त्याच्यावर लाच मागितल्याचा आरोप होता, एका डॉक्टरने स्वतःहून पोलिसांना आपल्या फोनला टेपरेकॉर्डर जोडू दिला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बोलणाऱ्याचीच परवानगी आहे तर टेलिग्राफ कायदा (फोनसाठीचा तेव्हाचा कायदा) मोडला नाही. पण तुमचं गिऱ्हाईक बायकोच्या कॉलमधे नाहीच ना, ती तिसऱ्याशी बोलणार, त्यामुळे त्याला हा निकाल उपयोगाचा नाही. परत आला तर एवढं स्पष्ट सांगा, आणि न्याय संहितेचं कलम ७८ पण, बाईच्या फोन-नेटवर पाळत ठेवणं म्हणजे स्टॉकिंग.