जोडीदाराच्या हृदयाचे ठोके बिघडतात तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

विश्रामबाग_सांगली
आज लॅबच्या रांगेत एक तरुण मुलगा बायकोला घेऊन आला होता. चिठ्ठीवर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची तपासणी. मला म्हणाला, "काकू, हे आता जन्मभर करायचं का?" सांगायला सुरुवात केली तोवर त्यांचा नंबर लागला. घरी आल्यापासून आमचे ते दिवस डोक्यातून जात नाहीत, म्हणून धागा काढतेय. डॉक्टर पेशंटशी बोलतात, घरी सांभाळणाऱ्याला कोण सांगतं?

आमच्या ह्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायचा आजार. जिना चढला की दम, रात्री छातीत पाखरू फडफडल्यासारखं. सगळे पित्त म्हणायचे. दवाखान्यात जाऊन ईसीजी काढावा तर तोवर ठोके सरळ! हा आजार सुरुवातीला असाच येतो नि जातो. शेवटी २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठोके नोंदवणारं यंत्र लावलं, त्यात पकडला गेला.

धडधडीपेक्षा गुठळीची भीती मोठी, हे घरच्यांनी पक्कं लक्षात ठेवा. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त तिथं साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमध्ये हा धोका साधारण ५ पट होतो. धडधड थांबली तरी रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. आमच्यात यावरून खूप वाद झाले. "बरं वाटतंय की मला" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले.

पोवई_नाका
काकू, तो मुलगा परत भेटला तर एक नक्की सांगा. बायको तरुण आहे, मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायचं. वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ करायच्या गोळ्या पहिल्या काही महिन्यांत बाळाला घातक असतात. आम्हाला आमच्या डॉक्टरांनी वेळेत सांगितलं, त्यांचे उपकार विसरणार नाही.

हिला लहानपणी सांधेताप येऊन गेलेला. घसा दुखला, मग सांधे सुजले, विषय संपला असं माहेरी सगळ्यांना वाटलेलं. त्या तापानं हृदयाची झडप आक्रसत गेली आणि त्यातून एएफ. झडप अशी खूप अरुंद असली की रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत, वॉरफेरिनसारखी जुनीच लागते. म्हणून आयएनआर. हिचा २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्तस्रावाची. रिपोर्ट येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं, आजही.

पालेभाजीवरून घरात रामायण. आईनं मेथी, पालक, शेपू सगळं बंद केलं. डॉक्टर म्हणाले बंद करू नका, आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात जा. एकदम वाढवली किंवा एकदम सोडली की आयएनआर हलतो. आता भाजी मीच आणतो.

द्राक्षबाग
तासगावची आहे. मिस्टरांना हीच गोळी. द्राक्षं चालतात का? घरचीच बाग आहे हो

पोवई_नाका
चालतात. नाही म्हणतात ते ग्रेपफ्रूटला, ते मोसंबीच्या जातीचं फळ. साखर असेल तर मात्र द्राक्षं बेतानं.

द्राक्षबाग
हुश्श. सांगते त्यांना. बेदाणे पाठवू का तुम्हाला 😊

कराडची_सून
भाजी फोडणीला टाकून लिहितेय. ह्यांना ठोके सरळ करायला छातीवर विजेचा शॉक दिला होता, त्याला कार्डिओव्हर्जन म्हणतात. सासूबाई शॉक शब्द ऐकूनच रडायला लागल्या. प्रत्यक्षात थोडी भूल देतात, काही मिनिटांचं काम, पेशंटला आठवतही नाही. पण त्याआधी निदान ३ आठवडे पातळ रक्ताची गोळी न चुकता, आणि नंतर किमान ४ आठवडे. आधी एक जरी चुकली तरी सांगायचं, मग अन्ननलिकेतून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून गुठळी नाही ना बघतात. मी कॅलेंडरवर खुणा करायचे.

एएफ परत आलंच. मग पुण्याला एब्लेशन, म्हणजे हृदयातली ठोके बिघडवणारी जागा आतून निकामी करतात ते. जांघेतल्या शिरेतून तार नेतात, नंतर काही तास पाय न हलवता सरळ झोपायचं. ह्यांना उताणं झोपायची सवयच नाही, मी रात्रभर गावाकडच्या गप्पा सांगत बसले. पहिले ३ महिने ठोके मधूनच बिघडू शकतात, तेवढ्यावरून फेल झालं म्हणायचं नाही. हे आधी माहीत होतं म्हणून धीर राहिला. पोरं जाऊबाईंकडे होती. ती नसती तर मी काय केलं असतं

कुकर झाला, येते

माणदेशी
आमच्या मालकांना गुडघेदुखी. गावातल्या एका दुकानातनं दुखायची गोळी आणली, चिठ्ठी नाही काही नाही. पातळ रक्ताच्या गोळीवर ती घेतली आणि दोन दिवसांत डांबरासारखी काळी शी. पोटात रक्तस्राव. लई वाईट दिवस काढले. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन असलं कायबी परस्पर द्यायचं नाही. आता त्यांच्या पाकिटात सगळ्या गोळ्यांची नावं लिहून ठेवलीत. दाताच्या डॉक्टरला पण आधी तो कागद दाखवायचा.

विश्रामबाग_सांगली
बाई गं! आता कसे आहेत?

माणदेशी
बरे हायत. शेळ्यांमागं जातात परत.

जतकर
आम्हाला एएफ कळलं तेच पक्षाघातानं. चहा पिता पिता हिच्या हातातली बशी सुटली, तोंड एका बाजूला, बोलणं बोबडं. शेजारचा पोरगा म्हणाला, थांबू नका, मिरजेला चला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि जतवरून रस्ता लांब. पोहोचलो वेळेत. म्हणून सांगतो, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. कधी सुरू झालं ते घड्याळात बघून ठेवा आणि पातळ रक्ताची गोळी चालू असेल तर दारातच सांगा. मालिश, कानात तेल, उतारा यात वेळ घालवू नका, पाया पडतो.

ही आता बोलते, स्वयंपाकही करते. उजव्या हाताची पकड थोडी कमी आहे. भाकरी मी थापतो.

वाईकर_ताई
जतकर दादा 🙏

मी वर्षभर ह्यांचा हात धरून, नाडी बघत झोपायचे. शेवटी हे वैतागले, "अगं, माझा हात सोड, तो काय सातबारा आहे का?" डॉक्टरांनीच तोडगा काढला. सकाळ संध्याकाळ पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, वहीत लिहायची, मधे हात लावायचा नाही. त्यानंतर मला झोप लागायला लागली. सांभाळणाऱ्यांनो, तुम्ही झोपा. खरंच झोपा. कंबरडं मोडलं की पेशंटकडं कोण बघणार?

विश्रामबाग_सांगली
सातबारा 😄 आमचे हे पण असंच चिडायचे.

कराडची_सून
आले परत. त्या मुलाच्या "जन्मभर का"चं उत्तर राहिलंच की. गोळी किती दिवस ते वय, बीपी, साखर, आधी पक्षाघात झालाय का, झडप कशी आहे यावर ठरतं. एब्लेशन चांगलं झालं तरी काहींना चालूच ठेवावी लागते. ह्यांची चालू आहे.

नवीन_सभासद
धागा सकाळपासून वाचतोय. बायकोचं कालच निदान झालं. ठोके ताब्यात ठेवायला अमिओडॅरॉन दिलंय. काय बघायचं?

पोवई_नाका
थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. उन्हात कातडी लाल होते, टोपी, पूर्ण बाह्या. बाकी काही अडलं तर इथं विचारा, कितीही वाजता.

द्राक्षबाग
सांगलीत घरी येऊन रक्त नेणारे कोणी आहेत का? मिस्टरांना आयएनआरसाठी तासगावहून न्यावं लागतं

विश्रामबाग_सांगली
आमच्या लॅबचा मुलगा येतो, तासगावला जातो का ते उद्या विचारून कळवते.