मॉक ड्रिल नाटक असेल, तर बोटीचं इंजिन कोण बघणार?

कृष्णाकाठचा
काल आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर पोस्ट आली: "पुराचं मॉक ड्रिल, आराखडा, आपत्ती समिती, सगळी फोटोपुरती नाटकं. 2019 च्या महापुरात गाव वाचवलं ते गावच्या पोरांनी." खाली अंगठ्यांची रांग. तिथं दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथं लिहितोय.

पोरांनी वाचवलं, कबूल. मी त्यातलाच. पण त्या रात्री काय झालं ते ऐका. बोट होती, इंजिन सुरू होईना. पावसाळ्याआधी कुणी दोरी ओढून बघितलीच नव्हती. शाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडं, ते राहायला मिरजेला, रस्ते बंद. कुलूप फोडलं. मागच्या आळीत एक आजी अंथरुणाला खिळून आहे हे तिसऱ्या दिवशी कळलं. तिला गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढली. लोक त्याला शौर्य म्हणतात, मला अजून लाज वाटते. एक यादी असती तर पहिल्या दिवशी कोरड्या रस्त्यानं रिक्षातून गेली असती.

आणि आम्ही वेळेत निघालो का नाही? आमच्या सोप्याच्या भिंतीवर 2005 च्या पुराच्या पाण्याची खूण आहे. सांगलीच्या इर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ती ओलांडली तरी घरात सगळे खुणेकडं बघून म्हणत होते, ह्याच्या वर पाणी येत नाही. 57 फुटांच्या वर गेलं.

वाळव्याचा_रांगडा
ती पोस्ट माझी. मागं बोलायचं कारण नव्हतं, नाव घेऊन बोला की.
आमच्याकडं झालेलं ड्रिल सांगतो. पाहुण्यांना फेटे, नारळ, बोटीत बसून फोटो, मग घाटावर वडापाव. बुडणारा माणूस म्हणून पाण्यात सोडला तो आमच्यातला पट्टीचा पोहणारा. वाचवायला आलेल्यापेक्षा तोच आधी काठाला. हे बघून गाव काय शिकलं? 2019 ला आम्ही ट्यूब बांधून म्हशी काढल्या, कुणाचा आराखडा वाचून नाही.

अलमट्टी_519
दोघंही मूळ दुखणं सोडून मलमपट्टीवर भांडताय. खाली पाणी अडवून ठेवायचं आणि वर आम्ही यादी करायची? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी 519 वरून 524 मीटर झाली की तुमची समिती गच्चीवर मीटिंग घेईल.

पंचगंगा_पल्याड
आले! 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला मुख्य कारण धरलेलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि पूरक्षेत्रातली बांधकामं. आपल्या निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडले ते कर्नाटकानं का?

अलमट्टी_519
समितीचा अहवाल तुमच्या घरात पाणी आलं तेव्हा वाचला होता का? आमच्याकडं दहा दिवस पाणी हललं नाही. पाऊस थांबला तरी हललं नाही! पाणी पुढं सरकत नाही म्हणजे पुढं काहीतरी आहे, एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही.

पंचगंगा_पल्याड
पुढं आहे की: रस्त्यांचे भराव, पुलांच्या अरुंद मोऱ्या. त्यावर कुणी मोर्चा काढत नाही, कारण त्या रस्त्यावर आपलंच हॉटेल असतं.

अलमट्टी_519
हॉटेल माझं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पंचगंगा_पल्याड
कुणीच नाही. आत्ता तुम्हीच सांगितलंत.

चिपळूणची_लेक
भांडण संपलं असेल तर बोलू? 22 जुलै 2021 ला आम्ही चिपळुणात माळ्यावर होतो. तिथं कुठली अलमट्टी, काका? पाणी यायचं तेव्हा येतंच. नंतर शाळेतल्या छावणीत गेलो. बायका साठेक, संडास दोन, त्यातल्या एकाला कुलूप. पाळी आलेल्या मुलीनं काय करायचं हे तुमच्या आराखड्यात नाही आणि तुमच्या शूर पोरांच्या डोक्यातही नाही. आधी त्या समितीत दोन बायका घ्या, मग ड्रिल नाटक की काय ते ठरवा.

वाळव्याचा_रांगडा
ताई, हे बरोबर आहे. पण ह्यानं माझाच मुद्दा पक्का होतो. कागदावर सगळं असतं, कुलपाची किल्ली नसते.

कृष्णाकाठचा
अहो, मग किल्लीच शोधायची ना आधी! ड्रिल म्हणजे तेच. फेटे बांधणाऱ्यांचं नाटक मलाही नको. पण 2019 ला ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला बोट उलटली ती कुणाच्या हिमतीत कमी होती म्हणून नाही. बोटीत मावतात त्याहून जास्त माणसं होती. पाणी वाढताना काठावर हात पसरलेल्या माणसाला "तू पुढच्या फेरीला" म्हणणं फार अवघड असतं. कुणी म्हणायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर कुणीच म्हणत नाही.
2021 ला इर्विनला पुन्हा 50 च्या पुढं गेलं. आमचं गाव एक दिवस आधी जनावरांसकट बाहेर होतं. वैरण कुठं रचायची तेसुद्धा ठरलेलं.

वाळव्याचा_रांगडा
ते 2019 च्या भीतीनं, तुमच्या यादीनं नाही.

कृष्णाकाठचा
भीतीनं माणसं घर सोडायला तयार झाली, मान्य. पण आजीला न्यायला टेम्पो दारात आला तो यादीमुळं. आणि भीती किती पावसाळे टिकते? आमच्याकडं पोरं आत्ताच नव्या खुणेकडं बोट दाखवून म्हणतात, ह्याच्या वर येत नाही.

वाळव्याचा_रांगडा
हे मात्र आमच्याकडंही ऐकलंय. माझाच थोरला म्हणतो.
बरं. तुमची ती यादी पाठवा, बघतो. आमच्या बोटीचं इंजिन रविवारी घाटावर काढून सुरू करून बघू. पण फोटो काढणारा एक जरी आला तरी मी परत जाणार. आणि पेट्रोल ग्रामपंचायतीचं.

चिपळूणची_लेक
आणि संडासाची किल्ली?

वाळव्याचा_रांगडा
तीही बघतो ताई. शाळेत बायकोच शिकवते, तिलाच समितीत घालतो. माझं तसंही कुणी ऐकत नाही.

अलमट्टी_519
म्हणजे 524 चा विषय कुणालाच नको. चालू द्या.