मागून बसलेली वॅगनआर: सगळं बदलायचं की गेलंय तेवढंच?

कांदिवली_लोकल

गाडी २००९ची वॅगनआर, पेट्रोल, वर बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. २०२४मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा हरित कर भरून पुन्हा पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं. म्हणजे २०२९पर्यंत ती माझ्या गळ्यात आणि मी तिच्या.

गेल्या पावसाळ्यापासून मागून डाव्या बाजूला खडाक् खडाक् आवाज येतोय. सरळ रस्त्याला गप्प असते, स्पीडब्रेकरवरून मागची चाकं उतरली की बोलते. शिवाय मागून बसलीय. मागे तिघं बसले की सोसायटीच्या गेटच्या उतारावर सायलेन्सर घासतो आणि वॉचमन माझ्याकडे बघतो.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी गाडीखाली पूर्ण वाकूनसुद्धा न बघता १७,८०० रुपयांचं इस्टिमेट दिलं: दोन शॉकअप, दोन स्प्रिंगा, सगळे बुश (सांध्यांतले रबर), आडवा रॉड, मजुरी. गाडीला आज कोणी साठ हजार देणार नाही!

माझं मत असं: जुन्या गाडीला 'पूर्ण सेट' हा प्रकारच चुकीचा आहे. बुश गेलेत तर बुश बदला, शॉकअपमधून तेल गळत असेल तर शॉकअप. स्प्रिंग म्हणजे लोखंड, तिला काय होतंय? तिच्यावर पैसे घालणं म्हणजे वर्कशॉपचं भाडं भरणं. कोणाला पटत नसेल तर बोला.

स्टेपनी

मला पटत नाही. गाडीतलं सगळं रबर एकाच दिवशी जन्माला आलंय. एक बुश गेला की बाकीचे रांगेत उभे असतात. माझ्या जुन्या सँट्रोचं मी तुझ्यासारखंच हप्त्याहप्त्याने केलं. आधी शॉकअपचे वरचे रबर, दोन महिन्यांनी शॉकअप, मग दिवाळीत अ‍ॅक्सलचे बुश. प्रत्येक वेळी गॅरेजला अर्धा दिवस, परत रिक्षा, परत मजुरी. हिशेब मांडला तेव्हा 'पूर्ण सेट'पेक्षा जास्त गेले होते. वर वर्षभर आवाज ऐकला तो वेगळाच. बायको गाडीत बसली की रेडिओचा आवाज वाढवायची.

कुर्ला_पश्चिम

दोघंही श्रीमंत दिसता. माझ्या दोन गाड्या भाड्याने चालतात, महिन्याला तीन-साडेतीन हजार किलोमीटर. सीएसटी रोडला रिकंडिशन शॉकअप साडेचारशेला एक मिळतो, जुना दिला तर त्यातही पन्नास कमी. सात-आठ महिने जातात. गेला की दुसरा. नवीन घातला तरी पवई-साकीनाक्याच्या रस्त्यावर तो काय अमर होतो का? ज्याच्या गाडीवर घर चालतं त्याला विचारा, मग मतं द्या.

मुलुंडवाली

कुर्लावाले दादा, तुमच्या गाडीत माणसं बसतात ना?

शॉकअप मेला म्हणजे फक्त धक्के बसतात असं नाही. चाक रस्त्याला चिकटून राहायला हवं, ते तो करतो. माझ्या आधीच्या अल्टोचे मागचे शॉकअप असेच 'चालतंय की' अवस्थेत होते. जेजे उड्डाणपुलावर वळणात एकामागून एक सांधे येतात, तिथे ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग अंगुळभर बाहेर सरकला. एकदाच. पुढच्या दिवशी सुट्टी टाकून दोन्ही नवीन बसवले. तेही जोडीने, कारण एका बाजूला नवा आणि एका बाजूला मेलेला असेल तर ब्रेक मारताना गाडी कुठल्या बाजूची ऐकणार?

बाकी सगळ्यात कंजुसी करा. मीही करते, सीट कव्हर अजून पहिलंच आहे.

कुर्ला_पश्चिम

ताई, रिकंडिशन म्हणजे मेलेला असं कोण म्हणालं? नवीन सील, नवीन तेल घालून देतात. हाताने दाबून, ओढून बघूनच मी घेतो.

मास्तर_आयटीआय

निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, तेव्हा जरा लांबेल.

आधी धागाकर्त्याचं 'स्प्रिंग म्हणजे लोखंड' वाक्य. चूक. आणि मुंबईत तर दुप्पट चूक. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप पेलत नाही. शॉकअपचं काम स्प्रिंगचं हिंदकळणं थांबवणं एवढंच. गाडी मागून बसली म्हणून शॉकअप बदलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. पैसे जातात, गाडी बसलेलीच राहते.

स्प्रिंग म्हातारी झाली की मऊ होत नाही, बुटकी होते. सत्तरएक किलोचं सिलिंडर, त्याचा कंस आणि गॅस वर्षानुवर्षं डिकीत बसून आहे. कंपनीने ती स्प्रिंग या वजनासाठी दिलीच नव्हती, कारण तुझं किट बाहेरचं. दुसरा शत्रू गंज. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. दहा मिलिमीटरची तार गंजून साडेनऊ राहिली, तर नुसत्या डोळ्याला काही कळत नाही, पण ताठपणा १८ टक्क्यांच्या आसपास गेलेला असतो आणि उरलेल्या तारेवर ताण वाढलेला असतो. सगळ्यात खालचं वेटोळं वाटीत बसतं, त्या वाटीत पावसाळ्याचा चिखल आणि आपली खारी हवा. तुटते ती तिथेच.

पैसे खर्च करण्याआधी एक मोजपट्टी घे. गाडी सपाट जागी, हवा चारही चाकांत बरोबर, आत कोणी नाही. चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कमानीपर्यंत अंतर मोज, डावं आणि उजवं. दोन्हीत सेंटिमीटरभरापेक्षा जास्त फरक आला तर स्प्रिंगकडे संशयाने बघ. मग डिकीवर जोर देऊन सोड. एकदा वर येऊन बसली तर शॉकअप ठीक. होडीसारखी डोलत राहिली तर गेला. बुशसाठी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन टॉमीने, म्हणजे पहारीसारख्या दांड्याने, हलवून बघ, रबर फाटलंय की बाहेरची कडी सुटलीय ते दिसतं. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नकोस, हे सोळा वर्षांच्या पोरांना सांगायचो तसं तुलाही सांगतो.

रिकंडिशनबद्दल: सील नवीन असलं तरी रॉड जुनाच असतो. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे असले की ते कानशीसारखे सील खातात. तुमचे सात-आठ महिने तिथून येतात.

कुर्ला_पश्चिम

मास्तर, तुमचा मान ठेवून सांगतो. रॉड बघूनच उचलतो, नख फिरवून. ज्याला येत नाही त्याने घेऊ नये, एवढं मान्य.

पवईचा_बफर

एवढं कशाला? स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात. मी आठशे रुपयांत दोन घातले, गाडी मस्त वर आली, घासणं बंद. आत्ता वर्ष झालं.

मास्तर_आयटीआय

सहा वेटोळ्यांतलं एक तुम्ही रबराने अडवलं, काम करायला पाच उरली. म्हणजे स्प्रिंग २० टक्के जास्त ताठ झाली. आजार उंचीचा, औषध ताठपणाचं. धक्के आता शॉकअपच्या माथ्यावर आणि तुमच्या मणक्यावर जातात. रबराशेजारच्या वेटोळ्यावर ताण जास्त, आणि रबराखाली पाणी धरून राहतं ते वेगळंच. बफरपेक्षा स्प्रिंगखाली योग्य जाडीचा स्पेसर बरा, तो निदान उंचीच देतो. पण तोही आतली तार धड असेल तरच.

पवईचा_बफर

मणका ठीक आहे माझा, धन्यवाद.

एकदाचं_भंगारात

पंधरा वर्षांवरची गाडी, बाहेरचं किट, घासणारा सायलेन्सर. दादा, भंगार केंद्रात दे, प्रमाणपत्र घे, मेट्रोने फिर. कांदिवलीहून दोन-दोन लाईन आहेत आता.

कांदिवली_लोकल

आई ८१ वर्षांची आहे, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. तिला मेट्रोच्या जिन्यावरून तू ने, मी गाडी लगेच देतो.

कुर्ला_पश्चिम

जिथे तिथे 'गाडी विका'. इएमआय कोण भरणार ते कोणी लिहीत नाही.

गोरेगाव_पूर्व

कोणी सिलिंडरच्या कंसाकडे बघितलं का? माझ्या गाडीतला अगदी असाच आवाज सहा महिने सस्पेन्शनचा म्हणून ऐकला. निघाला कंसाच्या एका ढिल्या नटाचा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीला) सिलिंडर उतरवतात, परत बसवताना घाईत आवळतात. अर्थात नट सैल असेल तर स्वतः हात लावू नका, किटवाल्याकडेच न्या. गॅसची नळी तिथेच असते.

आणि एक. सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुनं इस्टिमेट दाखवत असतील तर नवीन मागा.

स्टेपनी

म्हणजे आता धागाकर्ता मोजपट्टी घेऊन, टॉमी घेऊन, घोडी घेऊन, किटवाल्याकडे जाऊन… आणि हे सगळं स्वस्तात. अरे, तुझ्या रविवारची किंमत काहीच नाही का?

कांदिवली_लोकल

रविवारी मी एरवी नुसता पडून असतो. मोजतो.

कांदिवली_लोकल (आठवड्यानंतर)

मोजलं. डावीकडे ३१.५ सेंटिमीटर, उजवीकडे ३३. डिकी दाबून सोडली, दोन्हीकडे एकदाच वर आली आणि बसली. शॉकअप मी २०२१मध्ये बदलले होते, कोरडे आहेत.

मग वर्कशॉप सोडून गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपवर चढवलेली नाही, वेगळी आहे. शॉकअपचा खालचा बोल्ट सोडला, अ‍ॅक्सल खाली उतरवला की स्प्रिंग हातात येते, दाबून धरायचं हत्यार लागत नाही. डावी स्प्रिंग बाहेर काढली तर खालचं अर्धं वेटोळं वाटीतच राहिलं. चिखलाच्या गोळ्यात, तुटलेलं, तोंड पूर्ण तांबडं. खडाक् आवाज तोच होता: ते टोक वाटीत बसायचं आणि उठायचं. किती महिने असंच चाललं होतं कोण जाणे. आई मागे डाव्या बाजूलाच बसते.

खर्च: दोन्ही स्प्रिंगा २,७००, ट्रेलिंग आर्मचे (अ‍ॅक्सल गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) चार बुश ७२०, वाटीतले दोन रबर २४०, मजुरी १,२००. एकूण ४,८६०. एक बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसला होता, तो ग्राइंडरने कापावा लागला, नवीन बोल्ट मिस्त्रीने त्याच्या डब्यातून दिला. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवल्यावरच आवळले. मास्तर, हे मी सांगायच्या आधी त्यालाच माहीत होतं! लटकत्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं म्हणाला.

आता दोन्हीकडे साडेपस्तीस. सायलेन्सर घासत नाही. 'स्प्रिंग म्हणजे लोखंड' हे वाक्य मागे घेतो.

स्टेपनी

स्प्रिंगा बदलल्यास, बुश बदललेस, रबर बदलले. मग मी वेगळं काय सांगत होतो?

कांदिवली_लोकल

शॉकअप आणि आडवा रॉड तसेच ठेवले. १७,८०० आणि ४,८६० यांतला फरक बघ, तुझ्याकडे कॅल्क्युलेटर असेलच.

स्टेपनी

शॉकअप पाच वर्षांचे होत आले. पुढच्या पावसाळ्यात हाच धागा वर येईल, मी थांबतो.

मुलुंडवाली

तुटकी स्प्रिंग एखाद्या वेळी सरकून टायर फाडते, हे माहीत आहे ना? बरं झालं वेळेत काढलीस. आईंना नमस्कार सांग.

पवईचा_बफर

मी बफर काढून खालची वाटी बघतो. वाद घालायचा नाहीये, फक्त बघतो.

मास्तर_आयटीआय

नवीन स्प्रिंगा पहिल्या महिन्यात थोड्या बसतात, तेव्हा महिन्याने पुन्हा मोज. साडेपस्तीसची चौतीस-पस्तीस झाली तर घाबरू नकोस, दोन्हीकडे सारखी आहे ना तेवढं बघ.

आणि तो तुटलेला तुकडा भंगारवाल्याला देऊ नकोस. माझ्याकडे असल्या तुकड्यांचा एक बिस्किटाचा डबा आहे, त्यात वॅगनआरचा नाही. दादरला येणं झालं तर घेऊन ये, चहा माझा.